तेहतीस कुंड्यांचं वाण

डॉ. शशिधर मोघे यांना फक्त एक झाड हवं होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्या उन्हाळ्यानंतर लंडनच्या स्टॅनमोर उपनगरातली मंडळी त्यांच्याविषयी जे बोलायची ते ऐकून कुणालाही वाटावं की हा माणूस जन्मतःच बागवेडा होता. तसं काही नव्हतं. मोघे भूलतज्ज्ञ होते. समोरच्याने शांत पडून राहावं, वेळेवर जागं व्हावं आणि मधलं काही त्याला आठवू नये, एवढीच त्यांची जगाकडून अपेक्षा. झाडाकडूनही याहून जास्त नव्हती.

झाड हवं होतं ते सासऱ्यांना दाखवायला. पद्माकरपंत दाते, म्हणजे अप्पा, पहिल्यांदाच इंग्लंडला येणार होते. साताऱ्याचे, पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. या गृहस्थांनी हयातीत कुठल्याही कामाला नुसतं 'ठीक आहे' म्हटलेलं नव्हतं. 'ठीक आहे, पण' म्हणायचे. कालवा बघितला, ठीक आहे, पण उतार. पोरीसाठी स्थळ बघितलं, ठीक आहे, पण उंची. मोघे इंग्लंडातली मोठी परीक्षा पास झाले आणि त्यांनी हौसेने साताऱ्याला तार केली, तर उलट तार आली, 'ठीक आहे, पण दुसऱ्या खेपेला.' तारेत माणसं काना-मात्रासुद्धा वाचवतात. अप्पांनी 'पण' वाचवला नव्हता.

वैजयंतीला, म्हणजे त्यांच्या लेकीला, याची सवय होती. मोघ्यांना पंधरा वर्षांत झाली नव्हती. एकदा, मरायच्या आधी एकदाच, या माणसाच्या तोंडून पण नसलेलं 'ठीक आहे' ऐकायचं, अशी त्यांची एक खासगी इच्छा होती. कुणाची काशी असते, कुणाची बद्रीकेदार असते. मोघ्यांची ही होती.

आता दाखवणार काय? घर जोडघर, गाडी जपानी, नोकरी सरकारी. यातल्या प्रत्येकाला पण लागू शकत होता. घरामागे एक जागा होती. एजंटने घर विकताना तिला 'गार्डन' म्हटलं होतं आणि मोघ्यांनीही नवेपणी त्याच्यावर विश्वास ठेवला होता. कपडे वाळत घालायचा फिरता दांडा आणि एक शेड सोडली तर तिथे एक आरामखुर्ची मावायची, आणि माणूस त्या खुर्चीत ऐसपैस बसला की त्याचे पाय शेजारच्या मिस्टर विल्मटांच्या हद्दीत जायचे. तेव्हा मोघ्यांनी पुस्तक आणून वाचलं, आणि कुंडीत वाढणारं बुटकं सफरचंदाचं झाड आणलं. जेम्स ग्रीव्ह नावाचं. कमरेएवढं झाड, पण पुस्तकात म्हटलं होतं की फळं धरतं. म्हणजे सातारच्या माणसाला सांगता येईल, हे बघा, इंग्लंडात आमच्या घरी फळबाग आहे.

एक्क्याण्णवच्या एप्रिलमध्ये अप्पा आले. कानटोपी न काढता थेट मागच्या दारी गेले आणि झाडासमोर उभे राहिले.

"ठीक आहे," अप्पा म्हणाले. मोघ्यांनी श्वास रोखून धरला. "पण कलतंय."

मग त्यांनी बॅग उघडली आणि लोणच्याची बरणी आणि मेतकूट यांच्या मधून पितळी ओळंबा काढला. नोकरी संपून बारा वर्षं झाली होती, पण ओळंब्याशिवाय ते कुठे जात नसत. दोरी धरून त्यांनी दाखवलं, झाड खरंच दोन बोटं डावीकडे होतं. "आणि एकच?" ते म्हणाले. "एका झाडाला झाड म्हणतात, जावईबापू. बाग नाही म्हणत."

एवढ्यावर निभावलं असतं. पण ते साल अधिक महिन्याचं होतं, आणि अधिक नेमका वैशाख होता.

अधिकात जावयाला वाण द्यावं लागतं. तेहतीस अनारसे, तुपाचा दिवा लावून, तबकात. सासूबाई यमुनाबाई गुडघ्यांमुळे साताऱ्यालाच राहिल्या होत्या, तेव्हा माहेरून नवऱ्याला यायचं ते वाण वैजयंतीनेच घरी करायला घेतलं. तीन दिवस तांदूळ भिजवले, रोज पाणी बदललं, वाळवले, दळले, गूळ घालून ठेवले. तांदूळ मात्र सुपरमार्केटातला, पाकिटावर 'इझी कुक' लिहिलेला. कारखान्यात आधीच अर्धा शिजवून वाळवलेला हा तांदूळ पुन्हा सणावारी कामाला लागायला तयार नव्हता. पहिला अनारसा तुपात सोडला आणि हसला. म्हणजे अनारसा विरघळून तुपभर पसरतो त्याला हसणं म्हणतात. दुसराही हसला. तिसऱ्याला मोघेही हसले, आणि वैजयंतीने झारा उगारून त्यांना स्वयंपाकघराबाहेर काढलं.

"राहू दे, वैजू," अप्पा म्हणाले. "अनारशाचा आग्रह शास्त्राचा नाही. शास्त्राचा आग्रह जाळीचा आहे. वाण सच्छिद्र हवं, एवढंच."

"मग बत्तासे आणू. वेम्ब्लीला मिळतात."

"बत्तासे देऊन सासरा गावाला गेला की मुंग्या येतात. काहीतरी टिकाऊ बघतो."

अभियंत्याने 'बघतो' म्हटलं की घरच्यांनी सावध व्हायला हवं. पण मोघ्यांना आठवडाभर रात्रपाळी होती. शुक्रवारी सकाळी ते नुकते झोपले होते, तोच तेरा वर्षांची मीनल वर आली.

"बाबा, दारात मोठी लॉरी आलीये. आजोबा त्याला रिव्हर्स करायला सांगतायत."

मोघे खिडकीपाशी गेले. क्लोज, म्हणजे त्यांची ती बंद तोंडाची गल्ली, लॉरीने बुचासारखी बंद केली होती. मागे कामावर निघालेल्या गाड्यांची रांग. इंग्रज माणूस हॉर्न वाजवत नाही, तो नुसता काचेतून बघतो. अकरा-बारा गाड्यांतून अकरा-बारा जण बघत होते. आणि मध्ये अप्पा, कानटोपीत, दोन्ही हातांनी लॉरीला दिशा दाखवत होते.

लॉरीतून झाडं उतरली. माणसाच्या डोक्यापर्यंत उंच, फांद्या जवळजवळ नाहीतच, खांबासारखी सरळसोट. नव्यानेच बाजारात आलेली सफरचंदाची जात, खास छोट्या जागेसाठी. प्रत्येक झाड कुंडीत. एकूण तेहतीस.

"मेडनहेडच्या माधवला घेऊन गेलो होतो नर्सरीत," अप्पांनी खुलासा केला. माधव त्यांचा भाचा. मामाला नाही म्हणायची त्याची टाप नव्हती. "व्यवहाराचं तुम्ही बघू नका, ते त्याचं नि माझं. खालून बघा." त्यांनी एक कुंडी तिरकी केली. तळाला पाणी निचरायला भोकं होती. "सच्छिद्र."

मोघ्यांनी मान डोलावली. माणूस पायजम्यात असला आणि अकरा-बारा गाड्या बघत असल्या की दुसरं काही करता येत नाही.

वाण त्याच दुपारी दिलं गेलं. मुहूर्त होता. मागच्या अंगणात तेहतीस कुंड्या मांडल्यावर जी फट उरली तिच्यात पाट ठेवला, आणि पाटावर धोतर नेसून, उपरणं घेऊन मोघे बसले. एप्रिलचा पाऊस बारीक भुरभुरत होता. अप्पांनी कुंकू लावलं, हातावर पाणी सोडलं, निरांजन विझू नये म्हणून वैजयंतीने छत्री धरली. छत्री निरांजनावर. मोघ्यांवर नव्हे. कुंपणापलीकडे विल्मट चहाचा मग घेऊन उभे होते. आरोग्य सेवेतल्या या स्पेशालिस्टला त्यांनी आजवर फक्त टायमध्ये बघितलं होतं.

"काही ऑपरेशन आहे का, डॉक्टर?" त्यांनी विचारलं.

"फॅमिली थिंग," मोघे म्हणाले, आणि शक्य तेवढ्या रुबाबात शिंकले.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी कुंपणालगत सुतळी बांधली आणि सुतात, ओळंब्यात, एकमेकांना खेटून तेहतीस झाडं उभी केली. रांग अंगणात मावेना म्हणून काटकोनात वळवली. भिंत झाली. त्या भिंतीमागे विल्मटांचं स्वयंपाकघर होतं आणि त्यात सकाळी ऊन यायचं. यायचं.

विल्मट रांगेसमोर थोडा वेळ उभे राहिले. "हाऊ व्हेरी इमॅजिनेटिव्ह," ते म्हणाले आणि आत गेले.

"बघा, साहेबाला आवडलं," अप्पा म्हणाले.

मोघ्यांना इंग्लंडात सतरा वर्षं झाली होती. इंग्रज माणूस 'इमॅजिनेटिव्ह' म्हणाला की वकील गाठायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी रात्रभर कूस बदलली आणि सकाळी विल्मटांकडे माफी मागायला गेले. विल्मटांनी त्यांना चहा दिला, पाऊस नीट नाही असं म्हणाले, आणि निघताना जाता जाता सांगितलं, "बाय द वे, डॉक्टर, ती सगळी एकाच व्हरायटीची आहेत. सफरचंदाचं असं असतं, की एकाच व्हरायटीच्या झाडांचं आपसात फळ धरत नाही. दुसऱ्या जातीचा पराग लागतो. माझं जुनं झाड सत्त्याऐंशीच्या वादळात पडलं नसतं, तर उपयोगी आलं असतं. व्हॉट अ शेम." त्यांच्या चेहऱ्यावर दुःख असं दिसत नव्हतं.

मोघे घरी येऊन अप्पांना आडून आडून विचारते झाले, की झाडं निवडताना वेगवेगळी का नाही घेतली.

"वेगवेगळी?" अप्पा म्हणाले. "सरकारी काम आहे की जत्रा? माल एका स्पेसिफिकेशनचा असावा."

म्हणजे सगळीच्या सगळी सगोत्र होती. सासऱ्याने हौसेने दिलेलं वाण, आणि ते वांझ राहणार. अप्पा ऑक्टोबरात परत जाणार होते, तोवर एकही फळ दिसणार नव्हतं, आणि मग जो 'पण' येणार होता तो मोघ्यांना आत्ताच ऐकू येऊ लागला. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. वैजयंतीलाही नाही. भूल देणारा माणूस, वाईट बातमी द्यायचं काम सर्जनवर सोडायची त्याला सवय असते.

आणि मग पाऊस थांबला. मे महिना कोरडा ठणठणीत गेला, पाण्याची टंचाई आली आणि बागेत होजपाइप लावायला बंदी झाली. अप्पांच्या अंगात पाटबंधारे खातं जागं झालं. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराच्या खिडकीतून एक नळी खाली सोडली, तिला भोकं पाडली, आणि घरातल्या प्रत्येकाच्या आंघोळीचं पाणी उतारावरून थेट कुंड्यांना नेलं. साताऱ्याकडे कालव्याला जो उतार मिळाला नव्हता तो इथे मिळाला. फक्त झाडांना साबण चालत नाही. त्यामुळे सगळ्यांनी डाळीचं पीठ लावून आंघोळ करायची असं ठरलं. ठरलं म्हणजे अप्पांनी ठरवलं. हॉस्पिटलात भुलेखाली जाणारे पेशंट आकडे मोजता मोजता अचानक म्हणू लागले की कुठेतरी भजी तळतायत. एका म्हाताऱ्याला जागं झाल्यावर दुसरं काही नको होतं, कांदाभजी हवी होती. मोघ्यांनी ती त्याच्या कागदावर 'ड्रगचा दुर्मीळ परिणाम' म्हणून नोंदवली.

मे संपायच्या आत कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, माणूस दारात आलं. मिस प्रिचर्ड, हातात क्लिपबोर्ड. कुणीतरी तक्रार केली होती. राहत्या घरात नर्सरीचा धंदा, शिवाय खिडकीतून होजपाइप. विल्मट त्याच वेळी रुबार्बच्या ताज्या आंबट देठांची जुडी घेऊन आले आणि म्हणाले की हल्ली लोकांना कसली म्हणून तक्रार करायची ते कळत नाही.

"तुम्ही ही झाडं विकता?" मिस प्रिचर्ड यांनी विचारलं.

"नाही. मला भेट आलीत. सासऱ्यांकडून."

"तेहतीस?"

"महिना जास्तीचा होता ना."

"कुठला महिना?"

"नुकताच संपला तो. आमच्यात दर तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा असतो."

मिस प्रिचर्ड यांचं पेन थांबलं. "आणि त्या महिन्यात काय करतात?"

"जावयाला भोकं असलेल्या वस्तू देतात."

मिस प्रिचर्ड मूळच्या पोल टॅक्स, म्हणजे माणशी कर वसूल करणाऱ्या विभागातल्या होत्या, दोन आठवड्यांसाठी इकडे आल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत एक चमक आली. "त्या महिन्याचा पोल टॅक्स तुम्ही वेगळा भरता का?"

मोघ्यांनी घाईघाईने सांगितलं की तो महिना फक्त धार्मिक आहे. मिस प्रिचर्ड यांनी हळहळत ते लिहून घेतलं आणि निकाल दिला. तेहतीस एकसारखी झाडं, एकसारख्या कुंड्या, सुतात रांग, याला कौन्सिल बाग म्हणू शकत नव्हती. एक तर जागेचा वापर बदलायचा अर्ज करा, नाहीतर पंधरवड्यात माल हलवा.

'माल' हा शब्द अप्पांनी ऐकला. ओळंब्याची दोरी गुंडाळून खिशात ठेवली, आत जाऊन बसले आणि जेवणाला उठले नाहीत.

"शशी, काहीतरी कर," वैजयंती म्हणाली. अप्पांसमोर ती त्यांना 'अहो' म्हणायची, एरवी 'शशी'. "वाण परत पाठवलं तर ते जन्मभर विसरायचे नाहीत. आईला तोंड कसं दाखवू मी?"

मोघे अंगणात जाऊन रांगेसमोर उभे राहिले. झाडांवरचा बहर संपला होता. एका कडेला त्यांचं स्वतःचं बुटकं जेम्स ग्रीव्ह, गर्दीत चेंगरलेलं, अजूनही दोन बोटं कललेलं. त्यांना लग्नानंतरचा पहिला अधिक आठवला. साताऱ्याला त्यांना तेहतीस अनारसे मिळाले होते. त्यातले किती खाल्ले? दोन. बाकीचे यमुनाबाईंनी संध्याकाळपर्यंत आळीत वाटून टाकले होते.

ते आत आले. "अप्पा, वाणाचे अनारसे जावई एकटा खातो का हो?"

"खादाड असला तर."

"मी आळीत वाटतो."

अप्पांनी चष्मा काढून पुसला. मग पुन्हा लावला. "वाण तुमचं. कुणाला द्यायचं हा तुमचा अधिकार. ठीक आहे, पण लावायचं मी सांगेन तसं."

क्लोजमध्ये बरोबर तेहतीस घरं निघाली असं सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून तेवीस म्हणू. उरलेली दहा झाडं जवळच्या हॅरोमधल्या मराठी मंडळींत गेली. मोघे आणि वैजयंती दारोदार कुंडी घेऊन फिरले. इंग्रज माणसाला फुकट काही दिलं की तो आधी घाबरतो, मग थँक यू म्हणतो आणि मग चार दिवस आपण काय द्यावं या विचाराने झुरतो. मोघ्यांच्या घरी त्या आठवड्यात नऊ जॅमच्या बरण्या आल्या. विल्मटांना पहिलं झाड दिलं. त्यांच्या स्वयंपाकघरात ऊन परत आलं होतं, त्यामुळे तेही जरा मोकळे झाले होते.

पण अप्पा सुटले होते. रोज सकाळी फिरायला म्हणून निघायचे आणि घराघरापुढे थांबून झाडाला ओळंबा लावायचे. "ऑल राइट," म्हणायचे. घरमालक खूश व्हायचा. "बट." मग पाणी जास्त, ऊन कमी, कुंडी तिरकी. कोपऱ्यावरची शाळामास्तरीण दोनदा रडली. एकाने झाडाच्या चारी बाजूंनी काठ्या बांधल्या. सगळी गल्ली सकाळी आपापल्या झाडाशी ताठ उभी राहू लागली, जणू मंत्री कालव्याच्या पाहणीला येतायत.

विल्मटांनी स्पिरिट लेव्हल विकत आणली. तिच्यातला बुडबुडा बरोबर मध्ये. त्यांनी अप्पांना मुद्दाम बोलावून दाखवलं.

"ऑल राइट," अप्पा म्हणाले. "बट पॉट इज टू न्यू."

त्या दिवशी विल्मट मोघ्यांकडे आले आणि न बोलावता खुर्चीत बसले. "तुमचे सासरे कधी 'बट' न लावता बोलतात का?"

"मी पंधरा वर्षं वाट बघतोय," मोघे म्हणाले.

विल्मट त्यांच्याकडे बघत राहिले. नऊ वर्षं शेजारी राहून त्या घटकेला पहिल्यांदा त्यांनी मोघ्यांना शशी म्हटलं.

जुलै सरताना नवल झालं. क्लोजभर झाडांना फळं दिसू लागली. एकेका झाडाला चार, पाच. हॅरोहून फोन आले. विल्मट सगळ्या घरांपुढून फेरी मारून आले आणि थेट मोघ्यांच्या अंगणात शिरून त्या कोपऱ्यातल्या बुटक्या झाडासमोर उकिडवे बसले. मग त्यांनी अप्पांना हाक मारली. मोघे लगबगीने पुढे झाले. आता सगोत्राचं प्रकरण बाहेर पडणार.

"मिस्टर दाते," विल्मट म्हणाले, "तुमची तेहतीस झाडं एका जातीची. आपसात त्यांचं काही झालं नसतं. बहराच्या वेळी ती इथे होती, आणि इथे दुसऱ्या जातीचं झाड एकच होतं. हे. तेहतिसांना फळ धरलं ते या एकामुळे. तुमच्या जावयाच्या."

मोघ्यांना कळून चुकलं, की विल्मट जे करत होते ते अप्पांसाठी नव्हतं, आपल्यासाठी होतं.

अप्पा झाडाजवळ गेले. त्याच्यावर दोनच फळं होती. त्यांनी खिशातून ओळंबा काढला, हातात धरला, आणि लावला नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले.

आणि आत गेले.

विल्मट आणि मोघे दोघेही पुढच्या शब्दासाठी थांबले होते. तो आला नाही. अप्पांनी आत जाऊन चहा मागितल्याचा आवाज आला. विल्मटांनी मोघ्यांचा हात हातात घेऊन तो हलवला, आणि डोळ्यांत काही गेलं म्हणून घरी निघून गेले.

पंधरा वर्षांची इच्छा पुरी झाल्यावर माणसाला काय वाटावं? मोघ्यांना दोन तास फार छान वाटलं. मग संध्याकाळी अप्पांनी वैजयंतीची आमटी खाल्ली, 'ठीक आहे' म्हणाले आणि थांबले. वैजयंतीने मोघ्यांकडे बघितलं. मोघ्यांनी जेवण झाल्यावर हळूच अप्पांचं ब्लड प्रेशर घेतलं. नॉर्मल. दुसऱ्या दिवशी ईसीजी काढवला. तोही नॉर्मल. अप्पांनी ईसीजीच्या पट्टीकडे बघितलं. "ठीक आहे," ते म्हणाले.

"शशी, अप्पांना काहीतरी होतंय," वैजयंती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला. सकाळी अप्पा क्लोजमध्ये फिरून आले, सगळ्यांना नुसतं ऑल राइट म्हणत. शाळामास्तरीण विचारायला आली, म्हाताऱ्यांना बरं नाही का. तिने सूप आणलं होतं. विल्मट दिवसातून दोनदा चौकशी करू लागले.

ऑक्टोबरात त्यांना हीथ्रोला सोडायला सगळे गेले. विल्मटसुद्धा. अप्पांनी कानटोपी घातली, मीनलच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मोघ्यांना म्हणाले, "सगळं ठीक आहे, जावईबापू." मग आत गेले आणि मागे वळून बघितलं नाही.

सगळे परत आले. घरात शिरतात तोच फोन वाजला. मोघ्यांनी उचलला. पलीकडे नाण्यांच्या फोनचा खडखडाट, विमानांच्या घोषणा.

"जावईबापू, तुमचं ते झाड," अप्पा म्हणाले. "मी मुद्दाम तेव्हा बोललो नाही, साहेब उभा होता समोर. ठीक आहे, पण अजून कलतंय. काठी लावा."

मोघ्यांनी फोन ठेवला आणि दारातल्या विल्मटांना 'बट'सकट सगळा निरोप सांगितला. विल्मटांनी सुटकेचा श्वास सोडला आणि काठी आणायला आपल्या शेडकडे गेले.